पहिलं बरं, की दुसरं?

१

आमचं दुकान चष्म्यांचं. पुढे काचेची कपाटं, फ्रेमा आणि आई; मागे तपासणीची खोली आणि बाबा. गिऱ्हाईक आधी मागे जायचं, डोळे तपासून पुढे यायचं, आणि मग आई 'तुमच्या चेहऱ्यावर ही उठून दिसते' असं म्हणत ऐपतीपेक्षा जरा वरची फ्रेम त्याच्या गळ्यात मारायची. बाबा म्हणायचे, "मी लोकांना दिसायला लावतो आणि ही त्यांना भलतंच काही दाखवते." त्यावर आई म्हणायची, "म्हणून तर घर चालतंय."

मागची खोली अरुंद होती आणि आखूडही. डोळे तपासायला जेवढं अंतर लागतं त्याच्या निम्मंच तिथे होतं, म्हणून बाबांनी जुन्या चष्मेवाल्यांची युक्ती केली होती. अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, बसणाऱ्याच्या डोक्याच्या वर टांगायचा आणि समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावायचा. बसणाऱ्याने तक्ता आरशात वाचायचा, म्हणजे अंतर दुप्पट होतं. त्यासाठी तक्त्यावर अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली असतात. मान वळवून थेट पाहिलं तर ती पाठमोरी दिसतात, आरशात पाहिलं तर सरळ. मला अक्षरओळख झाली ती त्याच आरशात. त्यामुळे तो तक्ता मला आईच्या हाकेइतका पाठ होता.

तपासणीच्या खुर्चीशेजारी बाबांचं फिरतं स्टूल होतं, छोटीशी पाठ असलेलं. लहानपणी मी त्यावर बसून गरगरायची, म्हणून बाबा मला भिंगरी म्हणायचे. हे नाव फक्त त्यांचं होतं. आईने एकदा वापरून पाहिलं होतं, पण मला ते तिच्या तोंडी आवडलं नाही.

तपासणी नेहमी एकाच पद्धतीने चालायची. "डोकं हलवायचं नाही." मग नाकावर ती जड, गोल तपासणीची फ्रेम. पेटीतल्या खाचेतून एक भिंग उचलून फ्रेममध्ये, मग ते काढून दुसरं. "पहिलं बरं, की दुसरं?" शेवटी खुर्चीच्या हातावर टिचकी मारून, "झालं. उतर." 'उतरा' म्हणायला त्यांना कधी जमलंच नाही. एकदा एका न्यायाधीशबाईंनाही ते "झालं, उतर" म्हणाले होते, आणि बाई निमूट उतरल्या होत्या.

मी खुर्चीत बसले की घडाघडा शेवटच्या ओळीपर्यंत जायची. बाबा थांबून राहायचे. मग म्हणायचे, "पाठ म्हणू नकोस, भिंगरे. दिसतं ते सांग. दिसत नसेल तर नाही दिसत म्हणावं, त्यात लाज कसली?"

बाबा गेले ते दुकानाच्या दारात. सकाळी शटर उचलायला वाकले आणि तसेच पायरीवर बसले. मी मागे दप्तर घेऊन उभी होते. मला वाटलं, किल्ली शोधताहेत. "बाबा, किल्ली माझ्याकडे आहे," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही असं वाटून पुन्हा म्हणाले.

२

मी कोण, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता, कारण उत्तर आयतं होतं. चष्मेवाल्यांची मुलगी. आता चष्मेवाले नव्हते. भिंगरी म्हणणारं माणूस गेलं, आणि भिंगरी होती ती कुठे गेली हे मला कळेना. भेटायला येणारे म्हणायचे, "अगदी बापाचं नाक घेतलंयस," "बापासारखीच चालतेस." मी मान डोलवायची. अंगावरचं एकेक त्यांच्या नावावर जात होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटत होतं.

पुढचं दुकान आईने उघडं ठेवलं. मागची खोली बंद. मामा म्हणाला, "एखादी तपासणारी व्यक्ती नेमू, नाहीतर नुसत्या फ्रेमा विकून किती दिवस काढशील ताई?" आईने हो म्हटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तोवर ती भिंगं तेवढी पुसून ठेवत जा. धूळ बसली तर त्यांना..."

म्हणून शाळेतून आल्यावर, आई जेवायला घरी गेली की, मी अर्ध्या ओढलेल्या शटरखालून आत शिरायची. मागच्या खोलीत दिवा लावायचा, पेटी उघडायची, मऊ फडक्याने एकेक भिंग पुसून आपापल्या खाचेत ठेवायचं. काचेला बोट लावायचं नाही, कडेने धरायचं. काम छान होतं, डोकं लागत नव्हतं.

एके दिवशी बाबांच्या नंबरची भिंगं हाती आली. बाबांचा नंबर मोठा होता. चष्मा काढला की त्यांना आई आणि कोटाची खुंटी यांतला फरक कळायचा नाही, असं ते स्वतःच सांगायचे. मी ती भिंगं तपासणीच्या फ्रेममध्ये घातली, फ्रेम नाकावर ठेवली आणि खुर्चीत बसले. त्यांना जग कसं दिसायचं ते पाहावं, एवढाच विचार.

दुसऱ्याचा मोठा नंबर लावला की काय होतं ते मला ठाऊक होतं. सगळं लहान आणि लांब दिसतं. कोवळे डोळे ओढाताण करून तेही निभावून नेतात आणि मग कपाळ ठणकतं. तसंच झालं. आरशात एक चिमुकली खोली दिसली, तिच्यात एक चिमुकली मी, वर तक्ता, शेजारी स्टूल.

स्टूल खुर्चीकडे वळलेलं होतं. बाबा बसायचे तसं.

मी मान वळवून पाहिलं. स्टुलाचं तोंड भिंतीकडे होतं. खोली बंद करताना आईनेच ते तसं सरकवलं होतं आणि पाठीवर बाबांचा तपकिरी कोट टाकला होता. कोट जागच्या जागी होता. मी परत आरशात पाहिलं. तिथल्या स्टुलावर कोट नव्हता.

३

मी काही घाबरट मुलगी नव्हते. आरसा आणि भिंगं यांच्यात वाढलेल्या मुलीला डोळ्यांचं फारसं कौतुक नसतं. काचेच्या कडेने वस्तू सरकलेल्या दिसतात, दोनाची एक होते, एकाच्या दोन. मी स्वतःला हे सगळं नीट समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेही केवळ खात्री करायला, असंही समजावलं.

दुसऱ्या दिवशी आरशात स्टुलाजवळ एक तपकिरी बाही होती. फक्त बाही, कोपरापासून खाली. फ्रेमची कड जिथे संपते तिथे ती सुरू होत होती. बाहीतून हात निघाला होता आणि त्याच्या अंगठ्याचं नख मधोमध फुटलेलं होतं. बाबांचं ते नख शटरमध्ये चेमटलं होतं आणि पुन्हा कधी अखंड आलं नाही.

मी डोकं हलवलं नाही. मला वाटलं, हलवलं तर जाईल. मी रडत होते आणि भिंगांवर वाफ धरत होती, आणि वाफ पुसायला फ्रेम काढायची माझी हिंमत होत नव्हती.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. घरी आणि शाळेतही बाबांचा चष्मा घालू लागले, कारण त्याशिवाय मला फळ्यावरचं दिसेनासं झालं. आधी माझा नंबर अगदी किरकोळ होता. बाबा नेहमी म्हणायचे, "माझं काहीही घे, पण डोळे तुझे तुझेच ठेव." आता त्यांचा चष्मा लावला की मला सरळ, स्वच्छ दिसत होतं, लहान नाही, लांब नाही. कपाळही ठणकत नव्हतं. नंबर एवढ्या वेगाने वाढत नाही हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते कुणाला सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. आरशातली बाही जसजशी स्पष्ट होत गेली, शिवणीचा सुटलेला दोरासुद्धा दिसू लागला, तसतशी खुर्चीतली मुलगी पुसट होत गेली. तिचं तोंड म्हणजे ओल्या फडक्याने पुसलेली पाटी. मला त्याचं काही वाटलं नाही. तिच्याकडे पाहायला मी तिथे जातच नव्हते.

४

आमच्या वर्गातली एक मैत्रीण होती. तिला सगळे चोंबडी म्हणायचे, कारण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "भांग दुसरीकडे पाडायला लागलीस होय?"

"नाही तर."

"अगं, तुझा नेहमी डावीकडे असतो. आणि घड्याळ पण या हातात घालायची नाहीस तू."

मी हात पाहिला. घड्याळ उजव्या मनगटावर होतं. पट्टा नेहमीच्याच भोकात बसला होता आणि बक्कल लावताना मला काही वेगळं जाणवलंही नव्हतं. घरी येऊन मी मोरीतल्या आरशात पाहिलं. मला सगळं जिथल्या तिथे वाटलं. मग भिंतीवरचा आमचा तिघांचा फोटो पाहिला. फोटोत माझा भांग डावीकडे होता.

मी कंगवा ओला करून भांग बदलला. जेवण होईतो केस आपले आपण परत गेले. आई ताटावरून माझ्याकडे पाहत होती.

"तो चष्मा काढ," ती म्हणाली.

"मला दिसत नाही त्याशिवाय."

"तो तुझा नाहीये."

"मग तुझा आहे का?"

असं मी आईशी कधी बोलले नव्हते. ती उठली, ताट मोरीत ठेवलं आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली. ताट एव्हाना धुऊन झालं होतं. आल्यावर म्हणाली, "उद्या नव्या बाई येणारेत तपासायला. त्यांचं मशीन भिंतीवर लागणार आहे, पडद्याचं. काचवाल्याला सांगितलंय सकाळीच यायला. तो आरसा काढून नेईल."

"आणि तक्ता?"

"तक्ता काय करायचा आता," आई म्हणाली. "मला पण तिथे जाववत नाही गं. तुला काय वाटतं, तुझंच माणूस गेलंय?"

५

त्याच दुपारी, आई घरात जरा आडवी झालेली पाहून, मी किल्ली घेऊन दुकानात गेले. शटर अर्धं ओढलं, मागे गेले, दिवा लावला. बाबांची भिंगं फ्रेममध्ये घातली. खुर्चीत बसून डोळे मिटून घेतले आणि मनाशी म्हणाले, आज मी हाक मारणार.

डोळे उघडले तेव्हा बाही अगदी जवळ होती. आरशात नाही. माझ्या खांद्याशी. भिंगं पुसायच्या स्पिरिटचा वास येत होता आणि त्याखाली कोटाचा. मी मान वळवली नाही. डोकं हलवायचं नाही.

सवयीने मी समोर, वरच्या बाजूला, तक्त्याकडे पाहिलं. ओळी सगळ्या होत्या. अक्षरं पाठमोरी होती.

ते काय ते समजायला मला थोडा वेळ लागला. आरशात अक्षरं सरळ दिसतात. उलटी दिसतात ती फक्त खोलीतून थेट पाहिली तर. किंवा आरशाच्या पलीकडून पाहिली तर. मी ज्या खोलीकडे पाहत होते तिच्यात स्टुलाचं तोंड भिंतीकडे होतं आणि त्याच्या पाठीवर कोट टाकलेला होता. मधे खुर्ची होती. खुर्चीत कोणी नव्हतं.

शटर वाजलं. रोज तो आवाज माझ्या पाठीमागून यायचा. आज तो समोरून आला, जाड काचेतून आल्यासारखा. मग चपलांचा आवाज, आणि आई त्या खोलीच्या दारात आली. तिने चालू दिवा पाहिला, उघडी पेटी पाहिली, मला हाक मारली. मी ओ दिली. तिने ऐकल्याचं काही दिसलं नाही. पुढे येऊन तिने खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला, कुणी आत्ता उठून गेलंय का ते पाहिल्यासारखा. मग ती खाली फरशीवर बसली, कपाळ खुर्चीला टेकवलं आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हापासून मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. लोकांसमोर ती चहा करत राहिली होती.

माझ्या कानाशी भिंग फ्रेमला लागल्याचा बारीक आवाज झाला.

"पहिलं बरं," कुणीतरी हळू विचारलं, "की दुसरं?"

पहिल्यात बाही स्पष्ट होती. सुटलेला दोरा, फुटलेलं नख, कोटाच्या खिशातलं पेन. समोर आई म्हणजे एक धुरकट गोळा होता. मग भिंग बदललं. बाही गेली. आई लख्ख दिसू लागली, कानामागचे पांढरे झालेले केस, चपलेचा तुटत आलेला अंगठा. आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत एक मुलगी होती. नाकावर ती थोराड फ्रेम, तोंड उघडं, भांग विस्कटलेला. ती कोण हे मला पटकन ओळखता आलं नाही. आई तिच्या पायांशी बसून रडत होती आणि तिला ती दिसत नव्हती.

भिंग परत बदललं. बाही आली.

"पहिलं," मी म्हणाले. "पहिलं बरं आहे, बाबा."

बाबा थांबून राहिले होते. मी खोटं बोलले की ते असेच थांबायचे. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, किंवा माझाच असेल. समोर आईने मान वर केली होती आणि ती रिकाम्या खुर्चीकडे अशी पाहत होती, की मी पायरीवर 'किल्ली माझ्याकडे आहे' म्हणत उभी होते तेव्हा माझंही तोंड तसंच झालं असेल.

"पाठ म्हणू नकोस, भिंगरे."

मला त्यांचा चेहरा पाहायचा होता. मान एवढीशी वळवली असती तरी दिसला असता. मला आयुष्यात त्यापेक्षा जास्त काही नको होतं, हे मी आजही तसंच सांगेन.

"दुसरं," मी म्हणाले. "दुसरं बरं आहे."

बारीक आवाज झाला. मी वाट पाहत राहिले, खुर्चीच्या हातावरच्या टिचकीची आणि पुढच्या दोन शब्दांची. ते आले नाहीत. माझ्या गुडघ्यावर आईचा हात होता आणि ती मला गदगदा हलवत होती.

"कुठे होतीस तू? मी आत्ता इथे... खुर्ची तर..." तिने माझ्या नाकावरची फ्रेम काढली. फ्रेमच्या दोन्ही खाचा रिकाम्या होत्या. भिंगं पेटीत होती, आपापल्या जागी, कडेने धरून ठेवल्यासारखी स्वच्छ.

आईने त्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. मीही तिला विचारलं नाही, की तिने आधी काय पाहिलं होतं.

६

सकाळी काचवाला आला आणि गुणगुणत आरसा काढून घेऊन गेला. भिंतीवर एक फिकट चौकोन उरला. पडदा त्या चौकोनात लागला, पण लहान पडला, त्यामुळे चारही बाजूंनी फिकट पट्टी दिसत राहिली. तक्ता आईने गुंडाळून कपाटावर टाकला.

नव्या बाई वयाने लहान होत्या आणि फार पटपट बोलायच्या. मला मात्र त्या दिवसांत सगळं जरा उशिरा ऐकू येत होतं. शाळेत चालताना, घरी जेवताना मला वाटायचं, मी अजून खुर्चीतच बसलेय. फळ्यावरचं आता चष्म्याशिवायही थोडंफार दिसत होतं, पण भांग उजवीकडेच पडायचा. आई रोज सकाळी काही न बोलता तो बदलायची, आणि शाळा सुटेपर्यंत तो परत जायचा.

पहिल्या आठवड्याची गर्दी ओसरल्यावर आई म्हणाली, "हिचा नंबर बघता का हो जरा?"

मी खुर्चीत बसले. पडद्यावरची अक्षरं नवी होती, मशीन दर वेळी ती बदलायचं, त्यामुळे पाठ म्हणायची सोयच नव्हती. मी वरपासून वाचत खाली आले. एका ओळीवर अडले.

"पुढची?" बाईंनी विचारलं.

"नाही दिसत," मी म्हणाले.

बाईंनी भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. "पहिलं बरं, की दुसरं?" सगळे तपासणारे हेच विचारतात, मला माहीत होतं. तरी माझा आवाज फुटेना. त्या घाईच्या बाई त्या वेळी मात्र थांबल्या. शेवटी मी सांगितलं. माझा नंबर निघाला तो पूर्वीचाच, अगदी किरकोळ, माझा.

"चला, झालं," बाई म्हणाल्या आणि पेटी आवरायला लागल्या. त्यांचं आवरून झालं तरी मी खुर्चीत होते. त्या माझ्याकडे पाहून हसल्या, मग जरा बावरल्या. "झालं गं बाळ. काही होतंय का तुला?"

मला उठता येत नव्हतं. पाय खाली ठेवायचा एवढंच होतं, पण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

दाराशी चपला वाजल्या. आई उभी होती, हातात कुणाची तरी फ्रेम आणि पुसायचं फडकं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग आत येऊन तिने खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. तिला नीट जमली नाही, आवाजच झाला नाही.

"झालं," ती म्हणाली. "उतर."

मी उतरले. उतरताना स्टुलाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे. घाई केली नाही, नीट पाहिलं. दिसतं ते सांगायचं, म्हणून सांगते, तिथे कोणी नव्हतं.